बचावाची साखळी : नोएडाचा कबड्डी संघ आणि खेळाडूंची निवड

दिल्लीच्या आग्नेयेस, यमुनेच्या पूर्वेकडील भूभागावर, १९७६ साली उत्तर प्रदेश शासनाने एक औद्योगिक वसाहत उभारण्यास प्रारंभ केला. ‘न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट ऑथॉरिटी’ या प्राधिकरणाच्या नावातील आद्याक्षरांवरून त्या वसाहतीस नोएडा हे नाव मिळाले. कारखाने, कार्यालये आणि उंच निवासी इमारती यांच्या या शहरात सेक्टर २१-अ येथे एक बंदिस्त क्रीडागृह आहे. २९ डिसेंबर २०२३ ते ३ जानेवारी २०२४ या काळात आणि पुन्हा १० नोव्हेंबर ते १ डिसेंबर २०२४ या काळात या क्रीडागृहात प्रो कबड्डी लीगचे सामने भरले. उत्तर प्रदेशाचा व्यावसायिक संघ ‘यूपी योद्धा’ त्या वेळी आपल्या घरच्या प्रेक्षकांसमोर खेळला.

हा संघ २०१७ साली, लीगच्या पाचव्या हंगामात अस्तित्वात आला. पहिल्या पाचही हंगामांत तो बाद फेरीपर्यंत पोहोचला. २०२३-२४ च्या दहाव्या हंगामात मात्र बारा संघांत तो अकरावा ठरला. आणि त्यानंतर एकाच वर्षाने, २०२४ मध्ये, साखळी सामन्यांच्या अखेरीस त्याने तिसरे स्थान मिळविले. एवढी मोठी घसरण आणि एवढा मोठा चढ एका वर्षाच्या अंतराने कसा घडतो? दोन हंगामांच्या मधल्या काळात संघात आणलेल्या खेळाडूंमुळे, असे उत्तर सहज दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. कोणता खेळाडू आणला यापेक्षा तो कोणाच्या शेजारी उभा राहणार, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो. बचावाच्या बाबतीत तर ही गोष्ट विशेष प्रकर्षाने जाणवते.

पकडीचे मोल

महाराष्ट्रात हुतुतू या नावाने परिचित असलेल्या या खेळाचे पूर्वी तीन प्रमुख प्रकार होते. ‘अमर’ प्रकारात बाद झालेला खेळाडू मैदानाबाहेर जात नसे. केवळ गुण मोजला जाई. ‘गामिनी’ प्रकारात बाद झालेला खेळाडू आपला सर्व संघ बाद होईपर्यंत परत येत नसे. ‘संजीवनी’ प्रकारात प्रतिपक्षाचा एक खेळाडू बाद झाला की आपला एक खेळाडू पुन्हा जिवंत होई. आजच्या कबड्डीने संजीवनीचे तत्त्व स्वीकारले आहे, आणि बचावाचे खरे मोल या तत्त्वातच दडलेले आहे.

पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. मध्यरेषेने त्याचे दोन समान भाग होतात. प्रत्येक संघाचे सात खेळाडू मैदानावर असतात. चढाईपटूस ३० सेकंदांची मुदत मिळते. तेवढ्या वेळात प्रतिपक्षाच्या खेळाडूस स्पर्श करून तो मध्यरेषेपर्यंत परतला तर स्पर्श झालेल्या प्रत्येक खेळाडूमागे एक गुण मिळतो. बचाव करणाऱ्यांनी त्याला आपल्या अंगणात रोखून धरले तर गुण त्यांना मिळतो.

वरवर पाहता चढाई अधिक लाभाची वाटते. उत्तम चढाईपटू एका चढाईत दोन-तीन गडी टिपू शकतो. पकडीने मात्र बहुधा एकच गुण मिळतो. परंतु पकडीचा हिशेब एका गुणावर संपत नाही. समजा, एका संघाचे चारच खेळाडू मैदानावर उरले आहेत आणि त्यांनी प्रतिपक्षाच्या प्रमुख चढाईपटूची पकड केली. त्यांना एक गुण मिळाला, त्यांचा एक खेळाडू परत आला, आणि ज्याच्या चढाया टाळावयाच्या तोच प्रतिपक्षाचा गडी बाहेर बसला. त्याच्या संघाने एखादा गुण मिळवून त्याला जिवंत करेपर्यंत तो निरुपयोगी असतो. मैदानावर तीन किंवा त्यांहून कमी बचावपटू असताना केलेल्या पकडीस एक जादा गुण मिळतो; तिला अव्वल पकड म्हणतात. सर्व संघ बाद झाल्यास प्रतिपक्षास लोणाचे दोन गुण मिळतात. म्हणून अशा वेळची एक अव्वल पकड होणारा लोण टाळते आणि सामन्याचा तोल बदलून टाकते.

याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. फसलेली पकड ही केवळ फसलेली पकड राहत नाही. बचावपटूने झेप घेतली आणि चढाईपटू निसटला तर झेप घेणारा बाद होतो. त्याच्या मदतीला धावलेल्यांना चढाईपटूचा स्पर्श झाला असेल तर तेही बाद होतात. एका उतावळ्या उडीने तीन गडी गमावल्याची उदाहरणे प्रत्येक हंगामात घडतात. म्हणूनच बचावपटूची योग्यता त्याने किती पकडी केल्या एवढ्यावरच ठरत नाही. किती वेळा त्याने हात आखडता घेतला, हेही पाहावे लागते. दुर्दैवाने हात आखडता घेतल्याची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत होत नाही.

कोपरे आणि मध्यरक्षक

बचाव करणारे सात खेळाडू अर्धवर्तुळाकार उभे राहतात. दोन्ही टोकांना डावा आणि उजवा कोपरारक्षक असतो. त्यांच्या आतील बाजूस, मध्याकडे, डावा आणि उजवा मध्यरक्षक असतो. उरलेल्या तीन जागांवर बहुधा संघाचे चढाईपटूच उभे राहतात. याचा अर्थ असा की पकडीचा मुख्य भार चौघांवर पडतो.

या चौघांची कामे वेगवेगळी आहेत. कोपरारक्षक सर्वांत खोलवर उभा असतो. चढाईपटूने निदान रेषा ओलांडली, बोनस रेषेकडे पाय टाकला किंवा वळण घेतले की तो खाली झुकून घोटा अथवा मांडी पकडतो. चढाईपटूला जागचा हलू न देणे, निदान त्याची गती मोडणे, हे त्याचे काम होय. परंतु एकट्या घोटा पकडीवर बलदंड चढाईपटू थांबत नाही. तो पाय ओढीत मध्यरेषेकडे झेपावतो. त्याच क्षणी मध्यरक्षकाने पुढून येऊन त्याची वाट अडवावयाची असते, कंबरेस मिठी घालावयाची असते किंवा जोराच्या धक्क्याने त्याला मैदानाबाहेर लोटावयाचे असते. कोपरारक्षक आरंभ करतो, मध्यरक्षक शेवट करतो. या दोहोंच्या दरम्यान अर्ध्या सेकंदाचाही विलंब झाला तर चढाईपटूचा हात मध्यरेषेला लागलेला असतो.

खेळाडू एकमेकांचे हात धरून उभे राहतात, त्यास साखळी म्हणतात. हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. हाताच्या किंचित दाबावरून शेजाऱ्याला कळते की आता पुढे जावयाचे, आता मागे सरकावयाचे. ही समजूत एका दिवसात येत नाही. शेकडो वेळा एकत्र सराव केल्यावरच, शेजारी कोणत्या क्षणी झेपावणार याचा अंदाज अंगात मुरतो. यामुळेच दोन उत्कृष्ट बचावपटू प्रथमच एकत्र आले म्हणजे उत्कृष्ट बचाव तयार झाला, असे होत नाही. उलट अनेकदा दोघेही एकाच वेळी झेप घेतात आणि दोघेही बाद होतात.

लिलावाची व्यवस्था

व्यावसायिक संघाचा बचाव गावच्या संघासारखा वर्षानुवर्षे एकत्र राहू शकत नाही. प्रो कबड्डी लीगमध्ये दोन हंगामांच्या मधल्या काळात प्रत्येक संघ काही खेळाडू राखून ठेवतो आणि इतरांना मोकळे करतो. मोकळ्या झालेल्यांचा लिलाव होतो. सर्व संघांना खर्चाची समान कमाल मर्यादा असते. २०२१ च्या लिलावात ती ४ कोटी ४० लाख रुपये होती. २०२३ आणि २०२४ मध्ये ती ५ कोटी रुपये होती. या दोन्ही वर्षी खेळाडूंचे चार गट पाडण्यात आले आणि त्यांच्या मूळ किमती अनुक्रमे ३० लाख, २० लाख, १३ लाख व ९ लाख रुपये ठेवण्यात आल्या. मोकळ्या केलेल्या खेळाडूवर दुसऱ्या संघाने लावलेली अखेरची बोली तेवढीच रक्कम देऊन आपलीशी करण्याची मर्यादित सवलतही मूळ संघास असते. याखेरीज प्रत्येक संघ काही होतकरू तरुणांना लिलावाबाहेर करारबद्ध करतो.

खर्चाला मर्यादा घालण्याची कल्पना जगात इतरत्रही आढळते. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये १९९४ पासून संघांच्या वेतनखर्चावर मर्यादा आहे, आणि नवोदित खेळाडूंची क्रमवार निवड तर १९३६ पासून होत आली आहे. तेथेही हाच पेच दरवर्षी उभा राहतो : चेंडू घेऊन धावणाऱ्या आणि फेकणाऱ्या नामवंतांवर पैसा ओतावा, की त्यांना रोखणाऱ्यांवर? मर्यादा असल्यामुळे एका जागी वाढविलेला खर्च दुसऱ्या जागी कमी करावाच लागतो.

कबड्डीत बराच काळ पैसा चढाईपटूंकडे वाहत आला. २०१८ च्या लिलावात इराणच्या फझल अत्राचली या डाव्या कोपरारक्षकासाठी यू मुंबा संघाने १ कोटी रुपये मोजले, तेव्हा एक कोटीचा टप्पा गाठणारा तो लीगमधील पहिला खेळाडू ठरला. परंतु त्याच लिलावात मोनू गोयत या चढाईपटूस हरियाणा स्टीलर्सने १ कोटी ५१ लाख रुपये दिले. त्या हंगामात यू मुंबाने आपल्या गटात दुसरे स्थान मिळविले. हरियाणाचा संघ त्याच गटात तळाशी राहिला. एका उदाहरणावरून नियम काढणे योग्य नव्हे. तथापि किंमत आणि उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वर्षी अनेकांच्या लक्षात आले असावे. त्याच वर्षी जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत उपान्त्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असे पराभूत केले. १९९० मध्ये बीजिंग येथे कबड्डीचा या स्पर्धेत समावेश झाल्यापासून भारतीय पुरुष संघाचे सुवर्णपदक प्रथमच हुकले. अत्राचली त्या इराणी संघात होता. संपूर्ण सामन्यात नामांकित चढाईपटू असूनही भारताला केवळ १८ गुणांवर थांबावे लागले, ही बाब बचावाच्या सामर्थ्याविषयी पुरेशी बोलकी आहे.

नोएडाच्या संघाचा अनुभव

यूपी योद्धाच्या संघाचा आरंभही मोठ्या चढाईपटूपासूनच झाला. २०१७ च्या लिलावात नितीन तोमर याच्यासाठी ९३ लाख रुपये देण्यात आले. त्या वर्षीची ती सर्वांत मोठी बोली होती. परंतु त्याच संघात नितेश कुमार हा एक तरुण उजवा कोपरारक्षक होता आणि त्याच्यासमवेत जीवा कुमार हा अनुभवी मध्यरक्षक होता. २०१८ च्या हंगामात नितेशने २५ सामन्यांत पकडीचे १०० गुण मिळविले. एका हंगामात शंभर गुण मिळविणारा तो लीगमधील पहिला बचावपटू होय. सरासरीने पाहता दर सामन्यास चार गुण होतात. बाद फेरीत या संघाने प्रथम अत्राचलीच्या यू मुंबावर ३४-२९ अशी मात केली, पुढे दिल्लीच्या संघास हरविले, आणि अखेर गुजरातकडून तो पराभूत झाला.

२०१९ मध्ये डाव्या कोपऱ्यात सुमित हा नवोदित खेळाडू आला. मध्यरक्षक म्हणून आशू सिंगही त्याच वर्षी संघात दाखल झाला. यांपैकी कोणासाठीही लिलावात मोठी चढाओढ झाली नव्हती. तरीही नितेश आणि सुमित ही कोपऱ्यांची जोडी लवकरच लीगमधील अत्यंत भरवशाच्या जोड्यांपैकी एक मानली जाऊ लागली. याचे कारण असे की एक पक्का कोपरा आधीच संघात होता आणि नव्या खेळाडूला नेमकी रिकामी जागा मिळाली. प्रशिक्षक जसवीर सिंग यांनी ही रचना पुढील हंगामांत फारशी मोडली नाही. २०२१ मध्ये परदीप नरवाल या विक्रमवीर चढाईपटूस १ कोटी ६५ लाख रुपये देऊन संघाने त्या वर्षीची सर्वोच्च बोली लावली. ही रक्कम खर्चाच्या एकूण मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक होती. अशा खर्चानंतर बचावासाठी मोठी नावे घेणे शक्य नसते. जुनी जोडी हाताशी होती म्हणूनच हे धाडस करता आले, असे म्हणावे लागेल.

२०२३-२४ चा हंगाम मात्र संघाला फारच कठीण गेला. २२ सामन्यांपैकी केवळ चार सामन्यांत विजय मिळाला. नोएडात घरच्या प्रेक्षकांसमोर प्रथमच खेळण्याची संधी याच हंगामात आली होती. अशा अपयशाची कारणे अनेक असतात आणि ती सगळी बचावाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु पुढील उन्हाळ्यात व्यवस्थापनाने जे निर्णय घेतले त्यांवरून विचाराची दिशा स्पष्ट होते. परदीप नरवालला मोकळे करण्यात आले. नितेश कुमारही संघातून गेला आणि तमिळ थलैवाजमध्ये दाखल झाला. ज्या उजव्या कोपऱ्याभोवती संघाची सारी कीर्ती उभी होती, तोच रिकामा झाला.

ती जागा कशी भरली गेली हे पाहण्यासारखे आहे. संघाने दुसरा नामांकित कोपरारक्षक मोठ्या रकमेस विकत घेतला नाही. संघाने राखून ठेवलेल्या हितेश या तरुणास उजव्या कोपऱ्यात उभे करण्यात आले. डावीकडे सुमित होता, आशू सिंग होता. त्यांना आधार म्हणून महेंदर सिंग आणि साहुल कुमार हे लीगमध्ये बरीच वर्षे खेळलेले बचावपटू घेण्यात आले. मोठी रक्कम, १ कोटी ३० लाख रुपये, भरत या चढाईपटूवर खर्च झाली. म्हणजे तरुणाला मुख्य जागा आणि अनुभवी माणसांना त्याच्या पाठीशी उभे राहण्याचे काम, अशी ही योजना होती. त्या हंगामात यूपी योद्धाने १३ सामने जिंकले आणि ७९ गुणांसह तिसरे स्थान मिळविले. बाद फेरीत जयपूरच्या संघाला त्याने ४६-१८ असे नमविले. उपान्त्य सामन्यात हरियाणाकडून २८-२५ असा पराभव झाला. म्हणजे अवघ्या तीन गुणांनी अंतिम सामना हुकला.

जयपूरविरुद्धचा सामना बचावाच्या दृष्टीने विशेष बोलका आहे. संपूर्ण चाळीस मिनिटांत प्रतिपक्षाला केवळ १८ गुण मिळाले. असा निकाल एका माणसाच्या पराक्रमातून लागत नाही; चौघांनी एकाच लयीत काम केले तरच तो शक्य होतो.

पुण्याचे उदाहरण

मोठी रक्कम देऊन बचावपटू आणणे नेहमीच चुकीचे असते, असा याचा अर्थ घेऊ नये. पुणेरी पलटणने याच्या नेमके उलट केले आणि तेही योग्यच ठरले.

२०२२ च्या हंगामासाठी पुण्याच्या संघाने फझल अत्राचलीला १ कोटी ३८ लाख रुपयांना घेतले. त्या वर्षी संघ प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला आणि जयपूरकडून ३३-२९ असा पराभूत झाला. पुढील लिलावापूर्वी अत्राचलीला मोकळे करण्यात आले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच्याच देशाच्या मोहम्मदरेझा शादलुई या डाव्या कोपरारक्षकासाठी २ कोटी ३५ लाख रुपये देण्यात आले. पाच कोटींच्या मर्यादेपैकी जवळजवळ निम्मी रक्कम एका बचावपटूवर खर्च करणे ही असाधारण गोष्ट होती.

हे शक्य कसे झाले? संघाचा उरलेला सांगाडा तयार होता म्हणून. असलम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते हे तरुण चढाईपटू संघाने आधीच जोपासले होते. बचावात गौरव खत्री, अभिनेश नादराजन, संकेत सावंत हे खेळाडू प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या हाताखाली एकत्र खेळत आले होते. एकच जागा रिकामी होती, आणि ती कोणती हे सर्वांना ठाऊक होते. शादलुईने त्या हंगामात पकडीचे ९९ गुण मिळविले. पुण्याचा संघ ९६ गुणांसह साखळीत पहिला आला आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणावर २८-२५ अशी मात करून प्रथमच विजेता ठरला. अंतिम सामन्याची ही गुणसंख्याच सांगते की तो चढाईपटूंचा नव्हे, तर बचावपटूंचा सामना होता.

एक खेळाडू, तीन संघ

शादलुईच्या पुढील प्रवासातून एखादा प्रयोग मुद्दाम मांडावा तसा हा प्रश्न समोर येतो. २०२४ मध्ये हरियाणा स्टीलर्सने त्याला २ कोटी ७ लाख रुपयांना घेतले. या संघाने आदल्या वर्षी उपविजेतेपद मिळविले होते, आणि जयदीप व राहुल सेठपाल यांसारखे बचावपटू त्याच्याकडे आधीपासून होते. येथेही नवा माणूस तयार साखळीत गुंफला गेला. २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यात झालेल्या अंतिम सामन्यात हरियाणाने पाटण्याच्या संघाला ३२-२३ असे हरवून पहिले विजेतेपद मिळविले.

२०२५ मध्ये गुजरात जायंट्सने त्याच्यासाठी २ कोटी २३ लाख रुपये मोजले. खेळाडू तोच होता, त्याचे बळ आणि कसब तेच होते. परंतु गुजरातचा संघ पहिल्या आठांतही आला नाही. त्याच हंगामात, सुमितच्या नेतृत्वाखाली खेळलेला यूपी योद्धाचा संघही पहिल्या आठांबाहेर राहिला. एका वर्षी जुळलेली साखळी पुढील वर्षी तशीच जुळून राहील, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

याउलट २०२२ चा विजेता जयपूरचा संघ पाहावा. त्या हंगामात पकडीचे सर्वाधिक गुण मिळविणारा अंकुश राठी लीगमध्ये प्रथमच खेळत होता. कर्णधार सुनील कुमार हा अनुभवी मध्यरक्षक त्याच बचावफळीत होता. नवख्याचे धाडस आणि अनुभवी माणसाचा संयम यांचा संयोग तेथे साधला गेला.

निवड करताना पाहावयाच्या गोष्टी

या सर्व उदाहरणांवरून बचाव सुधारण्यासाठी खेळाडू निवडताना कोणता क्रम पाळावा, याची काही कल्पना करता येते.

प्रथम पाहावयाचे ते रिकाम्या जागेकडे. उजव्या कोपऱ्यात उणीव असताना उत्तम डावा कोपरारक्षक मिळतो म्हणून त्याला घेतल्यास दोन समान खेळाडूंपैकी एक राखीव बसतो किंवा अपरिचित जागी उभा राहतो. कोपरा बदलला की पायांची ठेवण, झुकण्याची दिशा आणि पहिला हात कोणता घालावयाचा, हे सगळेच बदलते.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याची. आक्रमक कोपरारक्षकाच्या जोडीला थांबून पाहणारा मध्यरक्षक हवा. दोघेही उतावळे असतील तर प्रतिपक्षाला दोन-दोन गुण मिळत राहतात. तिसरी गोष्ट फसलेल्या पकडींची. मिळविलेल्या गुणांसमवेत गमावलेल्या गुणांचा हिशेब मांडल्याखेरीज बचावपटूची किंमत ठरविणे धोक्याचे असते. चौथी गोष्ट भाषेची आणि सहवासाची. लीगच्या संघांत हरियाणा, उत्तर प्रदेश, महाराष्ट्र, तामिळनाडू, कर्नाटक आणि इराण येथील खेळाडू एकत्र येतात. चढाईपटू आत असताना शेजाऱ्याला द्यावयाचा इशारा दोन अक्षरांहून मोठा असू शकत नाही, आणि तो सर्वांना समजला पाहिजे. त्यासाठी सराव शिबिराचे आठवडे हेच खरे भांडवल असते. आणि पाचवी गोष्ट दुखापतीची. घोटा धरणाऱ्याच्या खांद्यावर, बोटांवर आणि गुडघ्यांवर संपूर्ण हंगामभर आघात होत असतात. चारही जागांवर एकेकच खेळाडू असलेला संघ हंगामाच्या उत्तरार्धात अडचणीत येतो.

यात एक मानवी बाजूही आहे, आणि ती हिशेबाच्या आड दडू नये. कोटींच्या बोलीची बातमी होते. परंतु लिलावातील पुष्कळ बचावपटू मूळ किमतीच्या आसपासच घेतले जातात आणि कित्येकांवर बोली लागतच नाही. शेतकरी किंवा कामगार कुटुंबातील मुलास नऊ लाख रुपयांचा करार आयुष्याला वळण देणारा ठरू शकतो. चुकीच्या जागी उभा केल्यामुळे त्याचा एक हंगाम वाया गेला तर पुढील लिलावात त्याचे नाव मागे पडते. कबड्डीपटूची उमेदीची वर्षे थोडी असतात. त्यांतील एक वर्ष गमावणे म्हणजे मोठा वाटा गमावणे होय. व्यवस्थापनाच्या दृष्टीने जी केवळ रचनेतील चूक ठरते, तिची किंमत खेळाडूला अशा रीतीने मोजावी लागते.

नोएडाच्या संघाने बारा हंगामांच्या अखेरीपर्यंत लीगचे विजेतेपद मिळविलेले नाही. अंतिम सामनाही त्याला गाठता आलेला नाही. तरी पहिला शंभर गुणांचा बचावपटू याच संघाने घडविला, आणि तो गेल्यावर त्याच्या जागी दुसरा तरुण उभा करून दाखविला. बाजारात तयार माणूस विकत मिळतो. त्याचा हात धरणारा शेजारी मात्र प्रत्येक संघाला सरावाच्या मॅटवर स्वतःच घडवावा लागतो. लिलावाच्या दुसऱ्या दिवशी छापून येणारी किमतींची यादी वाचताना प्रेक्षकाने हे ध्यानी ठेवले, तर कोणत्या संघाने किती खर्च केला यापेक्षा कोणत्या संघाने आपली उणीव ओळखली, हे त्याला अधिक स्पष्टपणे दिसेल.